तिसऱ्यांदा विचारायची रीत

मिनिॲपोलिस,
१४ एप्रिल १९८७

प्रिय ऑर्लिन,

तुझं ईस्टरचं कार्ड मिळालं. ‘बरा आहे. बर्फ वितळला. ऑर्लिन.’ एवढं लिहून तुझा हात दुखला नाही ना? आपण दोघं एकाच वर्गात धर्माचे धडे घोकत होतो, तेव्हाही तू तोंडात मिठाची गुळणी धरूनच बसायचास. पास्टरांनी प्रश्न विचारला की उत्तर मलाच द्यावं लागायचं, आणि शाबासकी मात्र तुला मिळायची. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी माझ्या नवऱ्याच्या, व्हर्ननच्या थडग्याच्या दगडाबद्दल बोलत होते आणि तू मला बटाटे कधी लावावेत ते सांगत होतास. म्हणून आता पत्र.

बातमी अशी की माझा गाडीचा परवाना गेला. परवान्याच्या कचेरीतल्या खिडकीतली मुलगी म्हणाली, ‘आजी, समोरची पाटी वाचा.’ मी विचारलं, ‘कुठली पाटी?’ झालं, तिथेच निकाल लागला. डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट डाग बसलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. लिहायवाचायला भिंग आहे, तेवढ्यावर चालतं. व्हर्ननची ब्यूक त्याच्या पुतण्याला देऊन टाकली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी खिडकीत उभी होते. गाडीसाठी रडणं शोभत नाही, पण रडले.

वसंत आला की मला शहरात करमत नाही, हे तुला ठाऊक आहे. चर्च सुटलं की मी आणि व्हर्नन निघायचो, फाट्यावर तू आणि रूबी उभे असायचात, आणि पुढे चौघं एकाच गाडीत. व्हर्नन चालवायचा, शेजारी तू गप्प, मागे मी आणि रूबी खिदळायचो. नदीकाठचा रस्ता, पेपिन तळ्यावरचे ते उंच कडे, सफरचंदांच्या बागा, आणि रस्त्याकडेच्या त्या खोपटातलं पेंढा भरलेलं दोन डोक्यांचं वासरू. रूबी दरवेळी नव्यानं तिकीट काढून ते बघायची आणि दरवेळी म्हणायची, आमच्या टेक्ससमध्ये याहून मोठं आहे.

इथेही तळं आहे, रोज त्याला फेरी मारते. पण गोल फिरून माणूस घरीच येतं ना रे. बाहेर पडल्यासारखं वाटत नाही.

लव्हॉन

*

मेडन रॉक, विस्कॉन्सिन,
४ मे

प्रिय लव्हॉन,

परवान्याचं वाचून वाईट वाटलं.

दहा दिवसांत सफरचंदं फुलतील. या वर्षी कळ्या दाट आहेत. मी पिकअप घेऊन येतो, तुला घेऊन जातो, संध्याकाळी परत सोडतो. सीटला नवं कापड घातलंय. ये.

रूबीला जाऊन दोन हिवाळे झाले. बागेकडे एकट्यानं जावंसं वाटत नाही.

ऑर्लिन

*

मिनिॲपोलिस,
९ मे

प्रिय ऑर्लिन,

छे, छे, भलतंच काय! एवढ्या लांबून यायचं, मला न्यायचं, पुन्हा सोडायचं आणि पुन्हा एकट्यानं घरी जायचं? तुझी पाठ आधीच धड नाही. आणि मे महिन्यात तुला शेतातलं काय थोडं असतं? माझ्यासाठी उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. मी आपली बरी आहे. आमच्या इमारतीसमोरही एक झाड फुललंय. कसलं आहे ते दिसत नाही, पण वास येतो.

बागेत गेलास तर रूबीच्या वाटचं एक फूल माझ्यातर्फे बघ. ती असती तर तिनं दोन शब्दांत मला गाडीत कोंबलं असतं.

लव्हॉन

*

मेडन रॉक,
१० जून

प्रिय लव्हॉन,

फुलं गळून गेली. मी एकदा जाऊन आलो. बागवाल्यानं तुम्हा तिघांची चौकशी केली. त्याला तुझ्यापुरतं सांगता आलं.

आता स्ट्रॉबेऱ्या आल्यात. पेंढ्यावर बसून आपल्या हातानं तोडायच्या, तुला आवडायचं. वीस तारखेच्या शनिवारी मला तसंही शहरात यायचंय. कानातल्या यंत्राचं दुकान तुझ्या घराजवळच आहे. तिथून तुला घेऊन येऊ शकतो. त्रास काही नाही.

कळव.

ऑर्लिन

*

मिनिॲपोलिस,
१५ जून

प्रिय ऑर्लिन,

तू येणारच असशील तर गोष्ट वेगळी. पण यंत्राचं निमित्त काढून माझ्यासाठी यायचं असेल तर नको रे बाबा. मला कुणाच्या गळ्यात पडायचं नाही. शिवाय भिंगातून बघत स्ट्रॉबेऱ्या तोडणारी म्हातारी बघून लोक मुलांना लांब नेतील.

इथे आमचं ज्येष्ठांचं मंडळ आहे, पत्ते आहेत, शेजारची ॲडेलाइन आहे. ती इतकं बोलते की तू तिच्या शेजारी राहिला असतास तर कानाचं यंत्र घेतलंच नसतंस. तेव्हा माझी काळजी नको.

तशी मी शनिवारी घरीच असते.

लव्हॉन

*

मेडन रॉक,
२० जुलै

प्रिय लव्हॉन,

तुझं मागचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. तू दोनदा नको म्हणालीस, ते मला नीट समजलं. तुझं तिकडे छान बस्तान बसलंय, त्यात मी सारखं ओढाओढ करणं बरं नाही. पुन्हा त्रास देणार नाही.

यंत्र इथेच जवळच्या गावातून घेतलं. शिट्टी वाजते.

परवा संध्याकाळी कड्यावर गेलो होतो. खाली मालाच्या होड्यांची लांब रांग चालली होती. बसायला दोन बाकं आहेत तिथे. मी एकावर बसलो.

दुसरं असं की जॅनेल मला टेक्ससला बोलावतेय. तिच्या घरामागे एक खोली आहे, वेगळं न्हाणीघर आहे. म्हणते, पप्पा, एकटे पडलात तर कळणारसुद्धा नाही कुणाला. घराला गिऱ्हाईक आहे. मी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. पण इथे अडून बसावं असंही काही सुचत नाही.

तुझी तब्येत सांभाळ.

ऑर्लिन

*

मिनिॲपोलिस,
२३ ऑगस्ट

ऑर्लिन,

हे पत्र रागानं लिहिते आहे, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर ते डोळ्यांवर ढकलू नकोस.

काल आमच्या मंडळाची सहल होती. बस कुठे गेली माहीत आहे? तुझ्या दारावरून. ‘नदीकाठचा रम्य परिसर’ असं कागदावर छापलेलं होतं. बसमध्ये एक पोरगी भोंगा घेऊन सांगत होती की डावीकडे कडे, उजवीकडे कडे. आम्हाला एक गुहा दाखवली, चीजचा कारखाना दाखवला, एका दुकानात लोणच्याच्या बरण्या दाखवल्या. दोन डोक्यांचं वासरू आता नाही म्हणे. तिथे मेणबत्त्या विकतात.

मेडन रॉकच्या अलीकडे मी ॲडेलाइनला म्हटलं, पांढरं घर येईल, हिरवं छप्पर, बघ कुणी दिसतं का. ती म्हणाली, ‘एक उंच म्हातारा टोमॅटोच्या टेबलापाशी बसलाय. टोपी आहे. बसकडे बघतोय.’ मी म्हटलं, त्याला हात कर. तिनं केला, मीही केला. तिला विचारलं, त्यानं केला का? म्हणाली, बस पुढे गेली ग.

चाळीस माणसं भरलेल्या बसमध्ये मी तुझ्या अंगणासमोरून गेले आणि मला उतरता आलं नाही. दुसरी कुणी असती तर ड्रायव्हरला ओरडून थांबवलं असतं. मी म्हटलं, लोकांची गैरसोय कशाला.

आता मुद्द्याचं. ‘तू दोनदा नको म्हणालीस, ते मला नीट समजलं.’ काय समजलं तुला? तू नॉर्वेजियनाच्या पोटी जन्मलास की आकाशातून पडलास? आपल्यात पहिलं ‘नको’ रीत म्हणून असतं. दुसरं ‘नको’ समोरच्याला खरंच त्रास नाही ना, हे बघायला असतं. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतं, ‘बरं, एवढं म्हणतोस तर.’ चर्चच्या तळघरात कॉफीसुद्धा कुणी पहिल्या खेपेला घेत नाही. तुझ्या आईनं मला साधा केक तीनदा विचारल्याशिवाय कधी वाढला नाही, आणि दुसऱ्या खेपेला घेतला असता तर तिनं जन्मभर नावं ठेवली असती.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी निळा पोशाख धुवायला टाकला. जूनमध्ये तर त्या शनिवारी बार्स भाजून ठेवले होते, खजुराच्या वड्या, तुला आवडतात त्या. सकाळपासून खिडकीत बसले. दुपारी ॲडेलाइनला बोलावून ते खायला घातले. आणि महिन्याभरानं तुझं पत्र येतं की पुन्हा त्रास देणार नाही!

टेक्ससला सुखानं जा. तिथे फार ऊन असतं म्हणतात.

लव्हॉन

*

मेडन रॉक,
२ सप्टेंबर

प्रिय लव्हॉन,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि टेबलाशी बसून राहिलो. कॉफी गार झाली. आईची शपथ सांगतो, मी विसरलो होतो.

रूबीशी लग्न झाल्यावर पहिल्यांदा तिच्या माहेरी गेलो. सासूबाईंनी विचारलं, अजून वाढू का? मी म्हटलं, नको नको. त्यांनी बशी उचलली आणि आत नेली. पुन्हा विचारलंच नाही. तीन दिवस मी अर्धपोटी होतो. परतीच्या वाटेवर रूबीला कळलं, तेव्हा ती हसून हसून रस्त्याच्या कडेला बसली. म्हणाली, ‘आमच्यात नको म्हणजे नको आणि हो म्हणजे हो. तुमचं हे ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमायचं नाही.’ पुढे आमच्या आईनं बटाटे विचारले तर रूबी पहिल्या फटक्यात हो म्हणाली. आई आठवडाभर मावशीला तेच सांगत होती.

एकेचाळीस वर्षं मी तिच्याबरोबर संसार केला. तिला विचारलं की ती उत्तर द्यायची, आणि ते खरं असायचं. तेच अंगवळणी पडलं. तू नको लिहिलंस, मी नको वाचलं. वाईट वाटलं, पण म्हटलं, तिला व्हर्ननशिवाय त्या रस्त्यानं जायचं नसेल.

बस मी बघितली. हात दिसले. मला वाटलं, शहरातली माणसं असतील, कुणालाही करतात. मीही हात केला. उशिरा केला, एवढंच.

म्हणून आता तिसऱ्यांदा विचारतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी आपल्या जुन्या चर्चमध्ये लुटफिस्कचं, त्या उग्र वासाच्या माशाचं जेवण आहे. तोवर कडे रंगलेले असतील. मी सकाळी येतो. येशील का?

घराचं ठरलंय. सह्या २३ ऑक्टोबरला, शुक्रवारी. त्यानंतर जॅनेल न्यायला येईल. तू टेक्ससला जा म्हणालीस ते रागानं, हे कळलं. पण मी शब्द देऊन बसलो होतो तुझं पत्र यायच्या आधीच.

ऑर्लिन

*

मिनिॲपोलिस,
८ सप्टेंबर

प्रिय ऑर्लिन,

हो.

लव्हॉन

ता. क. तुला फारच लांब पडणार असेल तर मी अर्ध्या वाटेपर्यंत बसनं... नाही, राहू दे. हो.

*

मेडन रॉक,
१७ ऑक्टोबर, शनिवार संध्याकाळ

प्रिय लव्हॉन,

तुला सोडून आत्ताच घरी आलो. कोट अजून अंगात आहे. पत्र लिहून टाकतो, नाहीतर उद्या सकाळी मला शहाणपण सुचेल.

मी एवढं कधी बोललो नव्हतो. कड्यावर तू म्हणालीस, मला मधलं दिसत नाही, तू सांग. मी म्हटलं, काय सांगू, झाडं आहेत. तू म्हणालीस, झाडं कसली, कुठल्या रंगाची, आणि खाली काय चाललंय. मग सांगत गेलो. ओक तांबडे झालेत, बर्चची पानं निम्मी गळली, पलीकडच्या काठावरून मालगाडी चाललीय, एक गरुड आहे पण तो नुसता बसलाय. तू म्हणालीस, बसलेलाही सांग. मी तोही सांगितला. सत्तर वर्षं हे सगळं मी बघत होतो, पण कुणाला सांगावं लागलं नाही, म्हणून नीट बघितलं नव्हतं. घरी येताना एकटा होतो तरी मनातल्या मनात सांगत आलो. इथे वळण आहे, इथे कुणीतरी भोपळे मांडलेत, असं.

चर्चमध्ये मिसेस ट्वेटननं मीटबॉल विचारले तेव्हा मी दोनदा नको म्हटलं. तू टेबलाखालून मला पाय मारलास. तिसऱ्यांदा तिनं विचारलं आणि तिनं चार वाढले. तू जे हसलीस ते चारी टेबलांना ऐकू गेलं. माशाच्या वासानं सगळ्यांचे डोळे आधीच पाणावलेले होते, त्यामुळे माझे कुणाच्या लक्षात आले नाहीत.

रूबी मला रोज आठवते. ते लपवत नाही, आणि तुझ्यापुढे लपवायची गरजही नाही, तू तिची मैत्रीण. आजही आठवली, पण आज दुखलं नाही.

तुझ्या दारात गाडी उभी केली. इंजिन चालू होतं. मी सकाळपासून जे विचारायचं म्हणत होतो ते तेव्हा विचारलं, ‘टेक्ससला न जाता राहू का मग मी इकडेच?’ तू म्हणालीस, ‘छे, छे, माझ्यासाठी कशाला? जॅनेलनं खोली केलीय ना तयार.’ मी ‘बरं’ म्हणालो. एकेचाळीस वर्षांची सवय. तू आत गेलीस.

रेड विंग गावाच्या पुढे आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी कडेला घेऊन थांबलो. मागे फिरणार होतो. मग वाटलं, तू कोट काढून बसली असशील, आता दार वाजवणं बरं दिसायचं नाही. बघ, आपली रीत मला पुन्हा आली, पण नको तिथे आली.

तर हे दुसऱ्यांदा विचारणं समज. राहू का? गुरुवारी तुझ्या दारात येऊन तिसऱ्यांदा विचारीन. तेव्हाही नको म्हणालीस तर ते खरं धरीन आणि शुक्रवारी सह्या करीन.

ऑर्लिन

*

मिनिॲपोलिस,
१८ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ऑर्लिन,

आज चर्चला गेले नाही. सकाळी ॲडेलाइन न्यायला आली, तिला सांगितलं की डोकं दुखतंय. डोकं दुखत नाहीये.

काल तू विचारलंस आणि मी नको म्हणाले. त्या क्षणी दुसरं काही म्हणायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. आईनं शिकवलेलं, तिला तिच्या आईनं. जीभ आधी हलते आणि मन मागून धापा टाकत येतं. मी लॉबीत आले, काचेला नाक लावून उभी राहिले. मला तुझी गाडी दिसली नाही, मागचा लाल उजेड तेवढा दिसला. तो थोडा वेळ तिथेच होता. मी मनात म्हणत होते, विचार, अजून एकदा विचार. मग तो गेला.

तुला मी रागावून पत्र लिहिलं, रीत शिकवली, मोठा आव आणला. आणि खरं विचारायची वेळ आली तेव्हा माझीच रीत माझ्या आड आली. तू काल रात्रभर माझं ‘नको’ खरं धरून सामान बांधत असशील, या विचारानं मला खाणं गेलं नाही. कदाचित तुझ्या लक्षात येईलही आणि तू पुन्हा विचारशील. कदाचित तुला वाटेल, सारखं विचारून म्हातारीला कशाला अवघडायचं. मला त्या कदाचितवर बसून राहायचं नाही. शुक्रवार जवळ आलाय, आणि वाट बघत राहायचं आता आपलं वय नाही.

म्हणून तू विचारायची वाट न बघता मी सांगते. एवढं निर्लज्ज मी आयुष्यात वागले नाही. व्हर्ननच्या वेळीसुद्धा त्याला तीनदा विचारावं लागलं होतं.

मला फिरायला नेणारं कुणीतरी हवंय म्हणून नाही. फिरायला मंडळाची बस आहे, ॲडेलाइनचा जावईही नेईल. भोंग्यावाली पोरगी डावं-उजवं सांगेल. मला कडे बघायचे नाहीत, मला ते तुझ्या तोंडून ऐकायचे आहेत. बर्फ पडल्यावर काठावर काय दिसतं, एप्रिलमध्ये पहिली होडी कधी येते, मे महिन्यात कळ्या दाट आहेत की विरळ. आणि तू गप्प बसलास तरी चालेल. गाडीत शेजारी तू गप्प आहेस आणि बाहेर नदी आहे, एवढं मला सगळा उन्हाळा हवं होतं. जॅनेलला वाईट वाटेल, तिची मी समजूत घालीन. तिला मला दोष द्यायचा असेल तर देऊ दे.

ॲडेलाइनला हे पत्र आत्ताच खाली पेटीत टाकायला देते, म्हणजे उद्या सकाळी निघेल. माझ्याकडे राहिलं तर मी फाडीन.

शुक्रवारी सह्या करू नकोस, ऑर्लिन. जाऊ नकोस. राहा.

लव्हॉन